शिणाचा पैरा

आमच्या घरात दोन वर्षं धड भांडण झालं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, वा, काय गुणाचा संसार! गुणाचा कसला डोंबलाचा. परवडत नव्हतं म्हणून झालं नाही. एक कडकडीत भांडण झालं की माझा आकडा वर चढणार आणि दुसऱ्या दिवशीचं काम बुडणार. मग राग आला की मी ओठ आवळून गप्प बसायची, आणि धैर्यशील, म्हणजे माझा नवरा, टॉवेल खांद्यावर टाकून गच्चीवर निघून जायचा. जिन्यात त्याच्या चपला वाजायच्या, तेवढाच आमचा वाद.

आकडा म्हणजे शीणांक. माणूस बराच वेळ डोकं चालवत राहिला की मेंदूच्या पुढच्या भागात काही रसायनं साठत जातात आणि त्यानं निर्णय चुकायला लागतात, असं शास्त्रज्ञ कधीपासून म्हणत होते. पण ते बघायचं तर खोलीएवढं यंत्र लागायचं. पुढं कुणाला तरी सापडलं की हा साठा वाढला की मागोमाग घामात एक प्रथिन उतरतं. कानामागच्या कातडीवर चिकटवलेली एक छोटी चकती ते ओळखते, नाडीच्या लयीशी त्याचा मेळ घालते, आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा स्वतःवरच दाखवते. शून्य म्हणजे पाळण्यातलं बाळ आणि शंभर म्हणजे जिवंतपणी मेल्यात जमा. चकतीचं खरं नाव लांबलचक आहे. लोक टिकली म्हणतात. सुरुवातीला बाप्ये लाजायचे, "काय पाव्हणं, टिकली लावली का?" म्हणून पारावर चेष्टा व्हायची. आता पारावर बसायलाच कुणी येत नाही, तिथं नुसतं बसलं तरी गप्पांचा शीण चढतो.

कायदा भल्यासाठीच आला. दमलेल्या माणसाला कामाला जुंपणं गुन्हा ठरला, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मालक लोक मात्र आपल्यापेक्षा हुशार. दमलेला चालत नाही ना, मग ताजाच घेऊ, म्हणाले. महिन्याच्या पगाराच्या नोकऱ्या तशाही बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. काम तुकड्या-तुकड्यांनी लिलावात निघायचं, आणि ज्याचा शीणांक कमी त्याला चांगला तुकडा मिळायचा. बरं, शिणाला काही मालक कळत नाही. तुम्ही साहेबासाठी दमलात की सासऱ्यासाठी, घामात उतरणार ते तेच. म्हणून वरातीत नाचलं की दोन दिवसांचं काम गेलं, मयताला मनापासून रडलं की आठवड्याचं. पूर्वी म्हणे कामावरून सुटलं की वेळ आपला असायचा. आता सुटल्यावर दुसऱ्या दिवसासाठी ताजं राहायचं, म्हणजे तेही कामच, फक्त बिनपगारी.

आम्ही विट्याचे. आमच्याकडची माणसं पूर्वी सोनं गाळायच्या धंद्याला देशभर पांगली, आम्ही घरात बसून परदेशी राबतो. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उकलतात. तिथले यांत्रिक हात मी इथनं, आमच्या मधल्या खोलीतून, चष्मा आणि हातमोजे घालून चालवते. उकलताना बोट जरा घसरलं तर बॅटरी पेटते, म्हणून तिथं पंचविसाच्या आतला माणूस लागतो. पैसा बरा मिळतो. पण पंचविसाच्या आत राहायचं म्हणजे घरातलं काडीचं काम करायचं नाही, आणि आमच्या घरात आबा होते.

आबा माझे सासरे. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या वजन करण्यात त्यांचा जन्म गेला. आता त्यांना जेवल्याचं आठवत नाही, कपडे उलटे घालतात, आणि दार उघडं दिसलं की गाड्या खोळंबल्यात म्हणून चालू पडतात. अंगानं भरदार माणूस, अंघोळ घालायची म्हणजे घालणाऱ्याची अंघोळ होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागं एक माणूस लागतोच.

धैर्यशीलचा कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही दोघंही लिलावात उतरून बघितलं. दोघांनी आबांचं केलं, दोघांनी काम केलं, आणि दोघांचा आकडा पन्नासच्या खाली येईना. पन्नासवाल्याला कोण विचारतं? तेव्हा मीच म्हटलं, आपण पैरा करू.

ज्यांनी शेती बघितली नाही त्यांना पैरा माहीत नसायचा. आमच्या माहेरी तुमच्या रानात आज आम्ही राबायचं, आमच्या रानात उद्या तुम्ही, असं चालतं. त्यात पैशाचा संबंध नाही. नियम एकच, पैऱ्याला आपण स्वतः जायचं. आपल्या जागी रोजंदारीचा गडी पाठवला तर पैरा फिटत नाही, उलट समोरच्याचा अपमान होतो. भावाभावांत त्यावरून बोलणी बंद झालेली मी पाहिलीत.

तर आमचा पैरा असा की एक पाडवा ते दुसरा पाडवा मी ताजी राहायचं आणि कमवायचं, सगळा शीण धैर्यशीलनं अंगावर घ्यायचा. पुढच्या पाडव्याला उलट. त्याला त्याचं साल कशासाठी हवं होतं तेही ठरलेलं होतं. कारखान्यात तो क्रेन चालवायचा. दहा टनांचा तुकडा असा अलगद ठेवायचा की खाली ठेवलेलं अंडं फुटू नये. आता बंदरांवरच्या मोठ्या क्रेन अशाच घरबसल्या चालवतात, त्याचा परवाना काढायचा होता त्याला. परीक्षेआधी तीन महिने शीणांक तिसाच्या आत लागतो, आणि परीक्षा पंचेचाळीस वय पूर्ण व्हायच्या आत द्यावी लागते. एकदा वय गेलं की गेलं.

पहिलं साल संपलं तेव्हा मला बॅटऱ्यांचं काम नुकतंच लागलं होतं. मी म्हटलं, "अहो, आत्ता सोडलं तर परत नाही मिळायचं. अजून एकच साल." तो म्हणाला, "बरं." नावच धैर्यशील. सासूबाईंनी काय विचार करून ठेवलं देव जाणे.

त्या दुसऱ्या सालात मी काय झाले होते सांगू? देव्हाऱ्यातली. ताट समोर यायचं, कपडे घडी होऊन यायचे. मी मोठ्यानं हसले की धैर्यशील टिकलीकडं बघायचा. वाईट बातमी मला कुणी सांगायचं नाही. नणंद माहेरपणाला येऊन रडून गेली ते मला दहा दिवसांनी कळलं. धैर्यशीलला डेंगी झाला होता तेव्हा तो "गच्चीवर गार वाटतं" म्हणून आठवडाभर वर झोपला, आणि मला ते औषधवाल्यानं सांगितलं. ताजं राहून राहून मी इतकी दमले होते की विचारू नका, पण ती दमणूक टिकलीत दिसत नाही, म्हणजे कायद्यानं नाहीच.

आता तिसरा पाडवा आला. येत्या दिवाळीला धैर्यशीलला पंचेचाळीस पूर्ण होणार होती, म्हणजे हे साल गेलं तर परवाना कायमचा गेला. त्यानं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला चुना मारला, परीक्षेची पुस्तकं आणली, आबांच्या औषधांचं कुठलं कधी ते मला समजावून सांगायला लागला. शीळ घालायला लागला, खोटं नाही सांगत. लग्नानंतर पहिल्यांदा.

आणि नेमकं तेव्हाच, बॅटऱ्यांचं काम वाटणाऱ्या आमच्या केंद्राच्या इंद्रायणी मॅडमचा फोन आला. मला कायम करत होते. कायम म्हणजे हल्ली तीन वर्षांचा करार आणि दर महिन्याला पगार, काम असो नसो. अहो, काम असो नसो! हे शब्द मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. अट एकच, तीन वर्षं आकडा पंचविसाच्या आत, आणि पाडव्याच्या सकाळी शेवटची तपासणी.

मी सही केली. धैर्यशीलला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो "बरं" म्हणाला असता, आणि ते "बरं" ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मी मनाशी गणित घातलं की आबांसाठी दिवसभराची बाई ठेवू, म्हणजे हाही मोकळा आणि मीही. दोघंही ताजे. इतकं सोपं कसं कुणाला सुचलं नाही, म्हणून स्वतःवर खूशही झाले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती बाई आली. रेश्मा नाव, काटकुळी, कानामागं टिकली. दार धैर्यशीलनं उघडलं. मी मधल्या खोलीत मोजे चढवत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"दीपाताईंनी बोलावलंय," ती म्हणाली. "आजोबांचं बघायला. तीन वर्षांचं काम हाय म्हणाल्या."

"तीन वर्षांचं?"

"व्हय की. ताई कायम झाल्या नव्हं?"

दार पुरतं उघडल्याची करकर ऐकू आली. मग धैर्यशील म्हणाला, "आत ये बाई. चहा घे आधी."

त्यानं मला काही विचारलं नाही. मी कामाला बसले आणि बॅटऱ्या उकलत राहिले. अकराच्या सुमाराला बाहेर टिकली वाजायला लागली. रेश्माचं पोर तापानं फणफणलं होतं, ती रात्रभर जागी होती. आमच्याकडं येतानाच ती पन्नास घेऊन आलेली, आबांना अंघोळीला बसवता बसवता साठ भरले. साठला थांबायचं, कायदा आहे. आबांच्या पाठीला साबण तसाच, आणि ती बिचारी दारात उभी राहून सांगत होती, "दादा, माफ करा, माझा आकडा भरला. थांबले तर एजन्सी काढून टाकंल."

धैर्यशीलनं तिला चपात्या बांधून दिल्या, पोरासाठी तापाचं औषध दिलं. मग बाही वर करून आबांच्या पाठीवरचा साबण धुतला. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. शीण काही हवेत विरत नाही, एकानं झटकला की दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसतो. रेश्माच्या घरीही कुणी तरी असेल झेलायला, किंवा नसेल. पण मी कळून घेतलं नाही. मी म्हटलं, दुसरी बाई बघू.

माझं काम संपलं तसा तो मधल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हात अजून ओले होते.

"सही कधी केलीस?"

"अहो, बसा तरी."

"कधी केलीस एवढंच विचारतोय."

"बुधवारी."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"आजच सांगणार होते. तुमची सोय लावून मग सांगू म्हटलं."

"सोय," तो म्हणाला. "दीपे, पैऱ्याला गडी पाठवलास तू."

त्यानं शिवी दिली असती तर कमी लागलं असतं. मी शेतकऱ्याची पोर. हे वाक्य मला कुणी तरी म्हणेल, आणि ते खरं असेल, असं कधी वाटलं नव्हतं. आणि खरं होतं म्हणूनच माझं टाळकं सणकलं.

"गडी म्हणे! या घरात खायला कुठनं येतं? कायम झालेय मी, कायम! अख्ख्या गल्लीत एक माणूस दाखव कायम झालेला!"

"मी कुठं नाही म्हटलं? कधी तरी नाही म्हटलं का?"

"तेच तर! कधीच म्हणत नाहीस! 'बरं' म्हणायचं आणि गच्चीवर जायचं. वरती काय देवाशी बोलतोस का? डेंगी झाला तुला, तो मला औषधवाल्याकडनं कळतो! मी कोण आहे या घरात? भाडेकरू?"

अहोचा तू कधी झाला ते माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच्याही नाही.

"तुला सांगितलं असतं तर काम बुडलं असतं."

"बुडू द्यायचं होतं! मला काय लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवलीय? कुणी हात लावायचा नाही, कुणी हलवायचं नाही!"

"आणि मी काय आहे?" आता त्याचाही आवाज चढला. मी तो आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. "मी फडकं आहे. सांडलं की पुसायचं. दोन साल पुसलं, तक्रार नाही केली. माझं एक साल मागितलं, एक! दिवाळीला मी पंचेचाळीसचा होतोय, दीपे. तुझी तीन सालं संपतील तेव्हा माझ्या हातात आबांचा तांब्या सोडून काय असणार आहे? आणि तूही..." तो एकदम थांबला. माझ्या कानामागं बघायला लागला. "हळू बोल. चाळीस झाला तुझा."

म्हणजे बघा. माणूस रागानं थरथरतोय, डोळ्यांत पाणी आलंय, आणि त्यातही माझ्या आकड्याची काळजी करतोय. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

"होऊ दे चाळीस!" मी ओरडले. "होऊ दे साठ! मला भांडू दे एकदा तुझ्याशी!"

मग जे काय भांडलो आम्ही. दोन वर्षांचं सगळं निघालं. नणंदेचं निघालं, माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला तो एकटाच गेला ते निघालं, मूल नको म्हणून कुणी ठरवलं तेही निघालं, जे आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. शेजारच्या खिडक्या आधी उघडल्या आणि मग एकेक करून बंद झाल्या, ऐकायचाही शीण चढतो ना. मधेच आबा शर्टाची बटणं वरखाली लावून बाहेर आले, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले आणि नीट ऐकायला लागले.

"लग्न झालंय का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"झालंय, आबा," धैर्यशील म्हणाला.

"मग चालू द्या."

आणि आम्ही दोघं एकदम हसलो, आणि मग मी रडले, आणि तोही रडला. आम्ही फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिलो. माझा आकडा एकाहत्तर आणि त्याचा त्र्याहत्तर. दोघं इतके जवळ दोन वर्षांत कधी आलो नव्हतो.

"पाडव्यापासून मी येते पैऱ्याला," मी म्हटलं. "स्वतः येते."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "सकाळी तपासणी आहे तुझी. ताक पी आणि झोप आत्ताच. पहाटेपर्यंत उतरेल थोडा."

"उतरला तरी जाणार नाही."

"दीपा, महिन्याचा पगार आहे तो. माझं काय, जहाज आलं तर काम. वेडेपणा करू नकोस."

"तू 'बरं' म्हण," मी म्हटलं. "इतके दिवस म्हटलंस, आज एकदा माझ्यासाठी म्हण."

तो म्हणाला नाही. पण उठून त्यानं दोघांसाठी ताक केलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, आबांना नैवेद्याचं ताट वाढलं, आणि इंद्रायणी मॅडमना फोन लावला. त्या आधी रागावल्या, मग समजुतीच्या गोष्टी सांगायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, कारण काय लिहू?"

"नवऱ्याची पाळी आहे," मी म्हटलं.

"पाळी? कसली?"

"ताजं राहायची. दोन साल माझी होती."

पलीकडं टायपिंगचा आवाज थांबला.

"आमच्याकडं कुणी असं विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या, "पाळी कुणाची ते." आणि त्यांनी फोन ठेवला.

धैर्यशील श्रावणात परीक्षा पास झाला. मी त्याला ओवाळलं, आबांनी त्याला "कुणाचा तू?" म्हणून विचारून पाच रुपये बक्षीस दिले. आता काम असं की जहाज आलं की तो अंधारातच मधल्या खोलीत जातो, दुपारी बाहेर येतो, जेवतो, आणि सक्तीची झोप घेतो. आकडा तिसावर गेला की पुढचं जहाज दुसऱ्याला. कधी दोन जहाजं लागोपाठ येतात, कधी पंधरा-पंधरा दिवस समुद्र रिकामा. तेव्हा मी डाळीचा डबा हलवून बघते आणि कायमचा पगार आठवतो. आठवतो, नाही कसं म्हणू? पश्चात्ताप होत नाही, पण आठवतो.

परवाची गोष्ट. आबांनी सकाळपासून सळो की पळो करून सोडलं होतं. दोनदा अंघोळ, तीनदा रस्त्यावरनं धरून आणलं. दुपारी धैर्यशील खोलीतून बाहेर आला तो चेहरा नुसता उजळलेला. मोजे काढायचंही भान नव्हतं.

"दीपा, आज अख्खं जहाज मी एकट्यानं रिकामं केलं. वारा काय होता म्हणून सांगू! मालाची पेटी अशी झुलायला लागली ना, खालची माणसं पळाली. मी दोर थोडा सैल सोडला, वाऱ्याबरोबर जाऊ दिली, आणि परत येताना बरोबर..."

मला ऐकायचं होतं. देवाशपथ सांगते, अगदी मनापासून ऐकायचं होतं. या माणसाला असं बोलताना बघायला मी कायमची नोकरी सोडली होती. मी पोळपाट बाजूला सारला, भिंतीला पाठ टेकली आणि म्हटलं, "हं, मग?" तो वाऱ्याचं सांगत होता, कॅमेऱ्यासमोर येऊन बसणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांचं सांगत होता. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि उरलेल्या चपात्या कुणी तरी लाटून झाकून ठेवल्या होत्या. त्यानंच, दुसरं कोण? आकडा चढणार माहीत असून. मी उठून मधल्या खोलीच्या दाराशी गेले. तो भिंतीकडं तोंड करून झोपला होता, उद्या पहाटे जहाज होतं, आता संध्याकाळपर्यंत उठवायचं नव्हतं. त्या पक्ष्यांचं पुढं काय झालं ते विचारायचं राहिलं होतं. उद्या तो परत ताजा उठेल आणि मी परत दमलेली असेन. पुढच्या पाडव्याला मी ताजी होईन आणि हा दमलेला असेल. दोन साल हाही असाच या दारात येऊन उभा राहत असणार, काही तरी सांगायला, आणि मी आत झोपलेली असणार. त्यानं कधी उठवलं नाही.

आबा चपला शोधायला लागले होते. मी दार हळूच ओढून घेतलं आणि त्यांच्यामागं गेले.